शेपटीसाठी दहा दिवस

अण्णा,

परवा पुण्याच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक कुत्री दिसली. तपकिरी-पांढरी, लोंबत्या कानांची, बॅगा हुंगत चाललेली. लोक दोन पावलं मागे सरकत होते आणि मी मेली पुढे. तिच्या तोंडाकडे माझं लक्षच नव्हतं, मी शेपटीचं टोक बघत होते. तिथले केस झिजून आतली कातडी गुलाबी दिसायला लागली होती. मी त्या जवानाला म्हटलं, "हिच्या शेपटीला काहीतरी बांधा हो, पिंजऱ्यावर आपटून आपटून फुटेल ती." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, "नाही. गुरांच्या डॉक्टरची मुलगी आहे." तो हसला आणि कुत्रीला घेऊन पुढे गेला. माझी बॅग तोवर पट्ट्यावर दोन फेऱ्या मारून आली होती. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुमची श्राद्धं झाली, तुमचे चष्मे देऊन टाकले, कपाटही विकलं, पण तुम्हाला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही. आता वाटतंय, तर लिहून टाकते.

तुम्ही आयुष्यभर गुरांचे डॉक्टर. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, जिथे बदली होईल तिथे खिलार बैल, म्हशी आणि मेंढरं. कुत्रं तुमच्याकडे यायचं ते फक्त पिसाळलंय का हे बघायला. निवृत्तीनंतर दम्मामच्या बंदरावर बोटीने येणारी मेंढरं तपासायची नोकरी चालून आली. मी तेव्हा दोन वर्षांपासून अल-खोबरच्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. तरुण पोरीला परक्या मुलखात एकटं ठेवायला नको, असं कारण तुम्ही आईला सांगितलंत. खरं म्हणजे घरी बसणं तुमच्या अंगाला मानवत नव्हतं, आणि हे आईला तुमच्याआधी कळलं होतं. ती आपल्या शेंडेफळाच्या बारावीसाठी मागे राहिली, आणि आपण दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार मांडला. तुम्हाला भाकरी थापता यायची आणि मला यायची नाही, यावरून तुम्ही मला शेजारपाजाऱ्यांत भरपूर बदनाम केलंत.

मग नव्वदच्या ऑगस्टात कुवेत गेलं. आपल्या रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रक जायला लागले, खिडक्यांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या, आणि जानेवारीत क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे सुरू झाले. त्याच सुमाराला एका सिक्युरिटी कंपनीचा मॅनेजर तुम्हाला शोधत बंदरावर आला. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर त्याची माणसं ट्रक तपासायची, आणि खरं तपासायचं काम करायची दोन लोंबत्या कानांची स्पॅनियल कुत्री. त्यांचा इंग्रज डॉक्टर नाताळच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नव्हता. तुम्ही म्हणालात, मी मेंढरांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, चार पायांचा कुठलाही चालेल. हे सांगताना घरी तुम्ही इतके खूश होता की मी ताटात भात वाढायची थांबले.

त्या शुक्रवारी मला सुट्टी होती म्हणून तुम्ही मलाही बरोबर नेलंत. तिथे हवालदार भेटला. गढवालचा माणूस, आपल्या फौजेच्या श्वानपथकातून निवृत्त होऊन इथे आलेला, बुटांना अजून आरशासारखी पॉलिश करणारा. त्याने दोन्ही कुत्री पुढे आणली, एक नर आणि एक मादी. कुत्र्याची शेपटी जेमतेम चार बोटांची, पुढच्या पायांवरची अंगठ्याची नखंही नाहीत. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच दोन्ही काढून टाकतात, कामाच्या स्पॅनियलांची तशी रीतच आहे, असं त्याने सांगितलं. "साब, झाड़ी में दुम फटती है. और एक बार फटी तो भरती नहीं." तुम्ही मान हलवलीत. "आपणही वासरांची शिंगं डागतोच की," असं मला मराठीत म्हणालात. कुत्रीची शेपटी मात्र अख्खी होती, झुबकेदार, टोकाला पांढरी, आणि अंगठेही जागच्या जागी. तिच्या मालकाला म्हणे पिल्लांवर कात्री चालवायचा धीर झाला नव्हता. ती आपल्याकडे बघून अशी शेपटी हलवत होती की तिचं मागचं अर्धं अंग त्याबरोबर हलत होतं. मला कुत्र्यांची भीती वाटायची, म्हणून मी तुमच्या मागे उभी राहिले.

हवालदाराने आपल्याला मुद्दाम काम दाखवलं. रांगेने तीन ट्रक उभे, त्यांतल्या एकाच्या खाली त्याने आधीच सरावासाठी स्फोटकाची पुडी लपवलेली. कुत्री चाकांमधून आत शिरली आणि दिसेनाशी झाली. बाहेर राहिली ती फक्त शेपटी. आधी ती रुंद रुंद हलत होती, निवांत. दुसऱ्या ट्रकखाली मध्यावर आली आणि हलणं एकदम बारीक आणि जलद झालं, मग आणखी जलद, आणि मग थांबलंच. टोकसुद्धा हलेना. हवालदाराने हात वर केला. "मिल गया. बैठेगी बाद में, पहले दुम बोलती है. नीचे घुसती है तो मुझे और कुछ दिखता ही नहीं, साब." तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. तुम्ही टोपी फक्त देवळात आणि कुणाच्या मयताला काढायचात, म्हणून मला ते लक्षात राहिलं. परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "पस्तीस वर्षं जनावरांत काढली गं. मला वाटायचं शेपटी माश्या हाकलायला असते."

त्या दिवसापासून आपल्या घराचं काही खरं राहिलं नाही. ट्रकवर उडी मारताना तिचे अंगठे जाळीत अडकून नखं फाटतात हे तुमच्या लक्षात आलं, आणि माझ्या हॉस्पिटलच्या क्रेप पट्ट्यांच्या चिंध्या व्हायला लागल्या. कामाआधी अंगठ्यावर कापसाची घडी ठेवून मऊ पट्टी गुंडाळायची, काम संपल्याबरोबर काढायची, काढली की बोटांच्या फटी बघायच्या. पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तसा हा क्रम तुम्ही हवालदाराकडून घोकून घेतलात. तो बिनकामाचा अंगठा आहे, कापून टाका, असं मॅनेजर एकदा म्हणाला तेव्हा तुम्ही त्याला फाटकावर उभं केलंत आणि ती चढावरून वर येताना पुढचा पाय कसा रोवते ते दाखवलंत. "बिनकामाचा असता तर तिने तो वापरला असता का?" त्याला मराठी येत नव्हतं, पण मुद्दा कळला.

फेब्रुवारी उजाडला तोवर दोन्ही कुत्री दुप्पट पाळ्या करत होती. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. लोखंडी पिंजऱ्यावर, ट्रकच्या खालच्या नळ्यांवर आपटून आपटून कुत्रीच्या शेपटीचं टोक फुटलं. फुटलेलं टोक घेऊन ती कुणीही आलं की तितक्याच आनंदाने शेपटी हलवायची, आणि पिंजऱ्याच्या भिंतींवर रक्ताचे शिंतोडे. दोन वेळा पट्टी बांधली, दोन्ही वेळा ती उडाली. मॅनेजर म्हणाला, कापा, पाच मिनिटांचं काम आहे, आठवड्यात ती फाटकावर हवी. तुम्ही म्हणालात, दहा दिवस द्या. तो म्हणाला, दहा दिवस दिले, मग कापायची, आणि तुम्ही नसाल तर माझा माणूस कापेल. त्याचा माणूस म्हणजे जनरेटर दुरुस्त करणारा. त्याच्याकडे भूल नव्हती, पक्कड होती.

तुम्ही तिला घरी आणलीत. धुण्याच्या टोपलीत घालून, वर चादर टाकून तीन जिने चढवलीत, कारण इमारतीत कुत्रं चालणार नव्हतं. स्वयंपाकघर तिला दिलंत. आईने दिलेल्या दोन्ही गोधड्या ओट्याखालच्या कपाटांना आणि गॅसच्या सिलेंडरला बांधल्यात, म्हणजे शेपटी कुठेही आपटली तरी मऊ लागेल. टोक चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात बूड कापलेली बादली. मी ड्यूटीवरून दमून आले तर तुम्ही माझ्या हॉस्पिटलातून मागवलेली मोठी सिरिंज गॅसपाशी घेऊन बसलेले, तापवलेल्या सुईने तिच्या नळीला भोकं पाडत. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि एका बाजूला आमटी उतू चाललेली. "अण्णा, हे काय चाललंय?" तर म्हणे, "टोपी शिवतोय." ती नळी आधी तुम्ही स्वतःच्या अंगठ्यावर चढवून, भिंतीवर आपटून बघितलीत. जखम धुऊन, तेलकट जाळी ठेवून, वर नळी बसवून तुम्ही चिकटपट्टी लावलीत ती कातडीवर नाही, केसांवर, आधी उभी आणि मग तिरकी, एकही वेढा पूर्ण गोल नाही. मी पाच वर्षं पट्ट्या बांधत होते, आणि तुमचे ते म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत गेलेले जाड हात इतकं नाजूक काम करतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी बघत उभी राहिले. आमटी खाली लागली.

एका संध्याकाळी भोंगा झाला. आपण ठरल्याप्रमाणे न्हाणीघरात शिरलो, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. हॉस्पिटलने मला गॅसचा मुखवटा दिला होता, तुम्हाला कुणी काही दिलं नव्हतं; तुम्ही नाकाला ओला पंचा धरून उलट्या बादलीवर बसलात. कुत्री मध्ये. तिला वाटलं आपण सगळे खेळायला जमलोय. लांब कुठेतरी धडाका झाला, आरसा थरथरला, मी मुखवट्याच्या आत रडायला लागले, आणि ती शेपटी हलवत होती. जागा एवढीशी, चारी बाजूंनी फरशा. तुम्ही नाकावरचा पंचा सोडून दिलात आणि दोन्ही तळव्यांत तिची शेपटी धरलीत, दाबून नाही, पाखरू धरतात तशी. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत, अर्धा तास तरी असेल, तुम्ही तसेच बसून होता. मी मुखवट्याच्या काचेतून बघत होते. हवेत विष असेल नसेल, तुमच्या नाकाला काही नव्हतं. मला तुमचा भयंकर राग आला, आणि असा माणूस आपला बाप आहे याने छातीत काहीतरी भरूनही आलं, दोन्ही एकाच वेळी.

राग यायला कारण होतं ते म्हणजे बस. आपल्याकडच्या लोकांना घेऊन खोबरहून जेद्दाला बस जाणार होती आणि तिथून विमान. एरवी पासपोर्ट मागितला की महिनाभर "बुकरा, बुकरा", म्हणजे उद्या, उद्या, करणाऱ्या तुमच्या कफीलने, तुम्हाला नोकरीवर आणणाऱ्या मालकाने, पासपोर्ट शिक्क्यासकट आणून हातात ठेवला होता. माझा पासपोर्ट हॉस्पिटलने दिला होता, मेट्रनने डोळ्यांत पाणी आणून रजा दिली होती. आईचा शेजाऱ्यांच्या फोनवरून रोज रडका आवाज. बस गुरुवारी होती.

"अण्णा, गुरुवारी निघायचंय."

"गुरुवारी सातवा दिवस होतो."

"कशाचा सातवा?"

तुम्ही स्वयंपाकघराकडे हनुवटी उडवलीत.

"शेपटीसाठी थांबायचं? लोक जीव घेऊन पळताहेत अण्णा! हवालदार बांधेल की पट्टी."

"तो चोवीस तासांत सोळा तास फाटकावर असतो. आणि मी गेलो की दुसऱ्या दिवशी पक्कड लावतील तिला. तू जा पोरी. तुझ्या केरळच्या सिस्टरी आहेत बसमध्ये."

"मी तुम्हाला टाकून जाणार नाही हे माहीत आहे तुम्हाला, म्हणून तोंड वर करून सांगताय."

तुम्ही म्हणालात, "तिच्या कामाची वस्तू आहे गं ती. तुझे हात कुणी असे कापले असते तर?" मी म्हटलं, माझे हात तुम्हाला दिसले कधी, आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपण दोन दिवस फक्त "जेवण झालंय" आणि "गॅस संपत आलाय" एवढंच बोललो.

मंगळवारी, पाचव्या दिवशी, बंदरावर मेंढरांची बोट लागली आणि तुम्हाला जावंच लागलं. मी नाइट ड्यूटी करून सकाळी आले तेव्हा तुम्ही बूट घालत होता. "पट्टी बदलायची आहे आज. जखम छान भरतेय, तीन-चार दिवसांत कोरडी होईल. केसांवर चिकटव, कातडीला नको. गोल गुंडाळू नको." मी हं म्हटलं. तुम्ही गेलात, मी पट्टी बदलली. तुम्ही दुपारी अस्रच्या बांगेला परत आलात, नेहमीप्रमाणे बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात गेलात आणि तिथूनच ओरडलात, "कात्री आण!" शेपटीचा पुढचा भाग सुजला होता, थंडगार होता, पांढऱ्या केसांखालची कातडी निळसर पडली होती. तुम्ही पट्टी कापलीत, कोमट पाण्याचं पातेलं मागितलंत, आणि खाली फरशीवर मांडी घालून बसलात. पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, शेपटीखाली धरायचं, हाताने वरच्या वर चोळायचं. तोंडाने तिच्याशी माणदेशी बोलत होता, बैलांशी बोलायचात तसं. दिवेलागणीपर्यंत. मग एकदा तुम्ही हसलात आणि माझा हात ओढून तिथे ठेवलात. ऊब परत आली होती.

मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझी चूक नाही. माणसाचं बोट बांधलं की नख दाबून रंग बघता येतो तुम्हाला. शेपटीला नख नसतं. केसांत काही दिसत नाही. मीच नीट दाखवायला हवं होतं." मी मान खाली घातली. टोकाची थोडी कातडी पुढे गळून पडली, पण हाड वाचलं. आणि तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवी खूण केलीत. "आजपासून पुन्हा दहा." मॅनेजरकडे जाऊन तुम्हीच सांगितलंत की पट्टी तुमच्याच हातून घट्ट बांधली गेली, आणखी दिवस हवेत. त्याने तुम्हाला काय काय ऐकवलं ते हवालदाराने नंतर मला सांगितलं. गुरुवारी बस गेली. आईला तुम्ही फोनवर म्हणालात की पोरीला हॉस्पिटलने सोडलं नाही, आणि तिने हॉस्पिटलला घातलेल्या शिव्या मी शेजारी उभी राहून ऐकल्या.

त्यानंतर मात्र रोज पट्टी बदलताना तुम्ही सामान माझ्या हातात द्यायचात. "आज तूच बांध." आणि बांधत असताना तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात.

जखम भरायच्या आधीच युद्ध संपलं. नव्या खुणेपासून तेराव्या दिवशी जखम कोरडी झाली, पंधराव्या दिवशी ती फाटकावर परत गेली, अंगठ्यांना मऊ पट्ट्या, पिंजऱ्याला आतून रबर. त्याच आठवड्यातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर वाऱ्याने खाली आला आणि भर दुपारी अंधार झाला. रस्त्यावरचे दिवे लागले, हवेत काजळी, चिमण्या मुक्कामाला गेल्या. तुम्ही मला ड्यूटीला सोडायला निघाला होता आणि वाटेत फाटकावर थांबलात. डोंगर फोडायच्या खाणीवरून आलेला एक ट्रक उभा होता. कुत्री खाली शिरली. हवालदार पोटावर आडवा झाला, बॅटरी मारली, आणि त्या काळोखात, काळ्या तेलकट लोखंडाखाली, काहीही दिसत नव्हतं. फक्त एक पांढरा ठिपका हलत होता. रुंद, मग बारीक, मग जलद. मग थांबला.

अवजारांच्या पेटीच्या मागे सुरुंगाच्या नळ्या निघाल्या, खाणीतल्या कुणीतरी विसरलेल्या. ड्रायव्हर पेशावरकडचा म्हातारा, त्याला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. तो मातीत बसून रडायलाच लागला. गोदामात काय भरलेलं होतं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. सगळं शांत झाल्यावर हवालदार तुमच्यापाशी आला, काजळीने तोंड माखलेलं, आणि त्याने कडक सलाम ठोकला. "डॉक्टर साब, आज वो सफ़ेद नोक न होती, तो मैं अंधा था." तुम्ही त्याला सलाम केला नाहीत. तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि ट्रकखालून बाहेर आलेल्या त्या कुत्रीला दोन्ही हात जोडलेत. ती तुमचा चष्मा चाटत होती आणि शेपटी हलवत होती, आणि मी भर दुपारच्या त्या अंधारात गाडीपाशी उभी राहून हुंदके देत होते. तुम्हाला वाटलं मी घाबरले. तुम्ही येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

पुढे गावी परतल्यावर ही गोष्ट तुम्ही किती जणांना सांगितलीत. पारावर, लग्नात, माझ्या सासरी. दर वेळी मधला भाग तोच. "आमची सिस्टरबाई माणसांची नर्स, शेपटी बांधली बोटासारखी! तिचा काय दोष? शेपटीला नख नसतं." लोक हसायचे. मीही हसायचे. मी नर्सिंगच्या मुलींना तीस वर्षं शिकवलं, दर वर्षी पट्टीचा धडा आला की मी तो दुसऱ्या बाईंवर सोपवायचे, आणि मी कधी कुणाला त्याचं कारण सांगितलं नाही.

अण्णा, मला कळलं होतं. त्या मंगळवारी मी दोन वेढे गोल घेतले ते नाइट ड्यूटीच्या झोपेत, सवयीने, हे खरं आहे. पण शेवटचा वेढा घट्ट बसला तेव्हा मला हाताला कळलं. नर्सच्या बोटांना कळतं, त्याला नख लागत नाही. मी पट्टी सोडायला हात पुढे केला आणि मनात आलं, राहू दे. टोक काळं पडेल, कापावं लागेल, तुमचा हट्ट संपेल आणि गुरुवारी आपण बसमध्ये असू. मी उठून चहा केला. ती बादली गळ्यात अडकवून माझ्या पायाशी आली, शेपटी हलवायला गेली आणि थांबली, वळून मागे बघायला लागली. मी चहा प्यायले, कप धुतला आणि झोपायला गेले. झोपही लागली. तुम्ही "कात्री आण" म्हणून ओरडलात तेव्हा मी जागी होते आणि वाट बघत होते.

तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात ते विश्वासाने, की पट्टी कापताना तुम्हालाही हाताला सगळं कळलं होतं म्हणून, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. तुम्ही शेवटच्या आजारात हॉस्पिटलात पडून होता तेव्हा तुमच्या हाताची सलाइनची पट्टी मीच बांधायची. दोनदा विचारायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा तुमची उशी सारखी केली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वाचून झालं की फाडेन. फक्त एवढं लिहून ठेवते की तेव्हा तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी खोटं बोलले असते, आणि तुम्ही ते खरं मानून घेतलं असतंत.